पंख्याची चाचणी

मृणाल गेली हे मला हॉस्पिटलच्या जिन्यात कळलं. मी वर चाललो होतो, डॉक्टर खाली येत होते. त्यांनी हिंदीत सांगितलं, खांद्यावर हात ठेवला आणि ते पुढे गेले. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. सकाळी ती स्कूटरवरून ऑफिसला निघाली होती. भोपाळच्या चेतक पुलाच्या अलीकडे तिने स्कूटर कडेला घेतली, स्टँडवर लावली आणि मग ती खाली बसली. स्टँडवर लावली, हे मला तिथल्या फळवाल्याने मुद्दाम सांगितलं. माझी बायको तशीच होती.

मी जिन्यातच उभा असताना फोन वाजला. विक्रांतचा होता. महाराणा प्रताप नगरात त्याची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी आहे आणि मृणाल तिथे पहिल्या दिवसापासून होती.

"दादा, बहुत बुरा हुआ. आत्ताच कळलं मला. तुम्ही स्वतःला सांभाळा. काही लागलं तर हक्काने सांगा." मग म्हणाला, "दादा, एक छोटीशी गोष्ट होती. मॅमच्या लॅपटॉपचा पासवर्ड तुम्हाला माहीत असेल ना? संध्याकाळी एक डिलिव्हरी आहे."

मी पासवर्ड सांगितला. त्या वेळी कोणी अंगावरचा शर्ट मागितला असता तरी काढून दिला असता.

"थँक यू दादा. टेक केअर हं," असं म्हणून त्याने फोन ठेवला. डिलिव्हरी वेळेवर झाली, असं नंतर समजलं.

तेराव्याला विक्रांत आला तो झेंडूचा हार आणि मृणालचा फ्रेम केलेला फोटो घेऊन. तसाच दुसरा फोटो त्याने ऑफिसात लावला होता, चंदनाच्या हारासकट. "मॅम कंपनीचा कणा होत्या," असं तो पंगतीत तीन-चारदा बोलला. माझे सासरे मनोहरराव त्याला वाढत होते. राजधानी हलली तेव्हा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आलेल्या घरातले. सचिवालयात फायली हलवण्यात त्यांची सगळी नोकरी सरली; मुलगी एकुलती एक, म्हणून ते आमच्याकडेच राहतात. त्यांनी त्याच्या पानात जिलबी टाकली आणि म्हणाले, "कणा गेल्यावर माणूस बराच ताठ बसलाय."

विक्रांतला ते समजलं नाही. त्याने आणखी एक जिलबी घेतली.

मृणालचं काम काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यांत मोठमोठे पंखे असतात, धूर ओढणारे, वाफ ओढणारे. त्यांच्या एका बाजूला वजन थोडं जास्त झालं की पंखा थरथरतो आणि शेवटी बेअरिंग तुटतं. कारखाना त्या थरथरीचं रेकॉर्डिंग विक्रांतच्या कंपनीकडे पाठवतो. मृणालचा प्रोग्राम ते वाचून सांगतो की जड जागा कुठे आहे आणि तिच्या समोर किती वजन लावायचं. पंखा शांत होतो.

आता, प्रोग्राम एकटा चालत नाही. त्याच्याखाली दुसऱ्यांनी लिहिलेले शेकडो तयार तुकडे, म्हणजे पॅकेजं असतात, आणि ज्याच्या त्याच्या मशीनवर त्यांच्या आवृत्त्या वेगवेगळ्या. म्हणून एकाच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्याच्या मशीनवर अडतो. किंवा अडत नाही आणि वेगळंच उत्तर देतो, ते जास्त वाईट. त्या धंद्यातले लोक यावर एकच गोष्ट बोलतात: "माझ्याकडे तर चालतंय." हे बोलायला पगार मिळतो.

मृणालने यासाठी निक्स नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. मी मोठ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे, पण आमच्याकडे हे नव्हतं. तिने मला तिच्या आईच्या काळ्या मसाल्यावरून समजावलं होतं. 'धणे घ्या, अंदाजाने घ्या' असं लिहून भागत नाही. धणे कुठल्या दुकानातले, कुठल्या पोत्यातले, कुठल्या गिरणीत दळले, त्या गिरणीच्या जात्याला टाकी कधी लावली, इथपर्यंत लिहायचं. मग नागपुरात करा की भोपाळात, मसाला तोच होतो. निक्स हे सगळं स्वतः लिहून ठेवतं, एका लॉक फाइलमध्ये. नवीन आवृत्ती आली तरी जुनी पुसली जात नाही, प्रत्येक आपल्या कप्प्यात राहते. नवा माणूस कंपनीत आला की एक आज्ञा द्यायची आणि त्याच्या मशीनवर मृणालच्या मशीनवरचंच सगळं उभं राहायचं.

त्या लॉक फाइलमध्ये अगम्य अक्षरांच्या लांबच लांब ओळी असतात. ऑफिसातले लोक तिला 'मॅम की कुंडली' म्हणायचे. "मॅमनी पत्रिका जुळवल्याशिवाय इथे एक पॅकेज घरात येत नाही," असं विक्रांत सगळ्यांसमोर बोलला होता.

मृणालने उत्तर दिलं होतं, "पत्रिका न जुळवता लावलेली तुमची लग्नं सर्व्हरवर रोज मोडतात. ती निस्तरायला कोण असतं?"

तिने आणखी एक गोष्ट केली होती. आमच्या इंद्रपुरीच्या घरात एक उभा पंखा आहे, तीन पात्यांचा. तिने त्याची जाळी काढली, एका पात्याला पांढरा रंग लावला, ते पहिलं; त्याच्या पुढच्या, दुसऱ्या पात्यावर एम-सीलचा गोळा चिकटवला आणि पंखा चालवून थरथरीचं रेकॉर्डिंग केलं. गोळा कुठे आहे हे डोळ्यांना दिसतं, म्हणजे बरोबर उत्तर आधीच माहीत. ते रेकॉर्डिंग तिने प्रोग्रामला चाचणी म्हणून जोडून दिलं. प्रोग्राम नव्याने बांधला जाताना दर वेळी ती चाचणी चालायची. गोळा दुसऱ्या पात्यावर सापडला तर ठीक, नाहीतर प्रोग्राम बांधलाच जायचा नाही.

तो पंखा नंतर आम्ही तसाच वापरला. गोळ्यामुळे तो घोंघावायचा. बाबा म्हणजे सासरे म्हणायचे, "खरवडून टाक गं ते." ती म्हणायची, "बाबा, तो माझा साक्षीदार आहे."

ती ऑगस्टमध्ये गेली. थंडीत एका रविवारी श्रुती घरी आली. श्रुती ऑफिसात मृणालच्या शेजारी बसायची, तिला ताई म्हणायची आणि म्हणून मला जिजू. तिने चहाला हात लावला नाही.

"जिजू, तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा मी सांगते. मंडीदीपकडची एक कागद मिल आहे ना आपली क्लायंट, तिथला पंखा तुटला. आम्ही सांगितलेल्या जागी त्यांनी वजन लावलं, आणि पंखा सुरू केल्यावर जो काही हलला... बेअरिंग फुटलं. कोणाला लागलं नाही, नशीब."

"मग?"

"मिलने चौकशी मागितली. आपल्याकडून रिपोर्ट गेला. त्यात लिहिलंय की, गणनेतली चूक ही मृणालताईंच्या मूळ प्रोग्राममधली आहे आणि त्या आता हयात नाहीत."

बाबा कोपऱ्यात पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "आमच्या वेळी चूक बदली झालेल्या माणसाच्या नावावर टाकायचे," ते म्हणाले. "त्याला निदान पत्र लिहून भांडता यायचं. प्रगती आहे."

"रिपोर्ट कोणी लिहिला?" मी विचारलं.

श्रुती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरांनी सांगितला. टाइप मी केला."

तिला बोलण्यासारखं होतं, पण ती निदान आली होती.

"चूक ताईची नाहीये असं मला वाटतं, जिजू. पण मशीनवर चालवलं की उत्तर तेच चुकीचं येतं. सगळ्यांच्या मशीनवर तेच येतं. सर म्हणतात, बघा, रिप्रोड्यूस होतंय, मॅमचीच पद्धत."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून विक्रांतकडे गेलो. रिसेप्शनमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी मृणालचा फोटो होता. जाता येता ऑफिसातली मुलं त्यावर नजर टाकून कप भरत होती. विक्रांतने मला काचेच्या खोलीत बसवलं.

"दादा, मॅमबद्दल मला किती आदर आहे तुम्हाला माहीत आहे."

"रिपोर्टमध्ये वाचला."

"अरे दादा, वो तो फॉर्मॅलिटी है. मिलला एक कारण द्यायचं होतं. मी कोणा जिवंत माणसाचं नाव दिलं असतं तर त्याचं करियर संपलं असतं. मॅमना आता काय फरक पडतो?"

हे तो समजुतीच्या आवाजात बोलला. त्याला खरोखर वाटत होतं की त्याने काहीतरी शहाणपणाचं केलं आहे. मी आयुष्यात मूर्ख लोक बरेच पाहिले, पण त्यातल्या बहुतेकांना आपण मूर्ख दिसू नये एवढी तरी काळजी असते.

"चूक तिची नसेल तर नाव काढशील?"

"सिद्ध करा ना दादा. मी कधी नाही म्हटलं? श्रुती, दादांना काय लागेल ते दाखव." मग हसून, "सायन्स है, इमोशन नहीं चलेगा."

पुढच्या रविवारी श्रुती कंपनीचा लॅपटॉप घेऊन इंद्रपुरीला आली. विक्रांतने हो म्हटलंच होतं. प्रोग्राममध्ये कोणी कधी काय बदललं याचा इतिहास गिटमध्ये राहतो, तो आम्ही मागे मागे बघत गेलो. फार मागे जावं लागलं नाही. मृणाल गेल्यानंतर महिन्याच्या आत विक्रांतने स्वतः हात घातला होता. त्याला गिऱ्हाइकांच्या रिपोर्टसाठी एक नवीन पॅकेज हवं होतं. त्याच वेळी श्रुतीनेही दुसरं एक जोडलं होतं. दोघांचे बदल एकत्र करताना लॉक फाइलमध्ये तंटा आला. असा तंटा आला की कुठली ओळ ठेवायची ते बघून ठरवायचं असतं. विक्रांतने पूर्ण लॉक फाइल डिलीट केली आणि नवी बनवून घेतली. सोबत शेरा लिहिला होता: 'लॉक का झगडा खतम'.

झगडा संपला आणि त्याबरोबर प्रोग्रामखालचं प्रत्येक पॅकेज त्या दिवशी बाजारात जे ताजं होतं ते आलं. त्यातलं एक पॅकेज कोन मोजणारं होतं. त्याच्या नव्या आवृत्तीत कोन उलट्या दिशेने मोजायला सुरुवात झाली होती. पॅकेज लिहिणाऱ्यांनी हे आपल्या पानावर ठळक लिहिलेलं होतं. वाचणारा हवा.

"पण मग पंख्याची चाचणी?" मी विचारलं. "ती अडायला हवी होती."

श्रुतीने खालची ओळ दाखवली. चाचणी अडली होती. चाचणीने सांगितलं होतं की गोळा तिसऱ्या पात्यावर दिसतो आहे; खरं तर तिथे काही नाही. म्हणून विक्रांतने चाचणीच बंद केली होती. शेरा: 'घर के पंखे वाला टेस्ट हटाया, अनप्रोफेशनल'.

बाबा मागे उभे राहून वाचत होते. "हा मुलगा थर्मामीटर मोडून ताप उतरवतो," ते म्हणाले, आणि आत जाऊन पडले.

जुनी लॉक फाइल इतिहासात जशीच्या तशी होती. श्रुतीने ती परत घेतली आणि बांधायची आज्ञा दिली. पण मृणालने काही पॅकेजांत स्वतःच्या दुरुस्त्या केल्या होत्या आणि ती तयार पॅकेजं ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवली होती. विक्रांतने जागा कमी पडते म्हणून सर्व्हर साफ केला होता. म्हणून ती सगळी मुळापासून पुन्हा बांधावी लागली. दिवसभर लॅपटॉप तापत राहिला. श्रुतीच्या मुलाचा फोन आला, तिच्या नवऱ्याचा आला, ती "हो, येतेच" म्हणत राहिली आणि बसून राहिली. मी खिचडी टाकली.

अंधार पडायच्या आत झालं. चाचणी चालली आणि पार पडली. गोळा दुसऱ्या पात्यावर.

"ताई," एवढंच श्रुती म्हणाली, आणि तिने नाक पुसलं.

मी तिला कागद मिलचं रेकॉर्डिंग प्रोग्रामला द्यायला सांगितलं. या वेळी उत्तर वेगळं आलं. बेअरिंग बदलल्यावर मिलच्या फिटर लोकांनी वजन इकडेतिकडे सरकवून, हाताने अंदाज घेत पंखा एकदाचा शांत केला होता. त्याचे फोटो श्रुतीच्या फोनमध्ये होते. त्यांनी शेवटी वजन जिथे लावलं, मृणालचा प्रोग्राम तीच जागा दाखवत होता. तो ती जागा आधीच सांगणार होता, कोणी त्याच्या खालची जमीन काढून घेतली नसती तर.

बाबांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर मृणालने लिनक्स टाकून दिलं होतं. बाबा त्यावर बुद्धिबळ खेळतात आणि हरतात. आम्ही त्याच्यावरही जुन्या लॉक फाइलने सगळं उभं केलं. उत्तर तेच.

सोमवारी मी पंखा रिक्षात घालून प्रताप नगरला नेला. रिक्षावाला म्हणाला, "भाईसाब, इतनी ठंड में पंखा?" मी म्हटलं, "गवाह है." त्याने पुढे विचारलं नाही.

मृणालच्या फोटोखाली प्लग होता. मी पंखा तिथेच लावला, जाळी काढली. मुलं कप घेऊन गोळा झाली. विक्रांत बाहेर आला. "दादा, ये क्या?"

"सायन्स."

श्रुतीने पंख्याला सेन्सर लावला आणि नवं रेकॉर्डिंग केलं. ते आधी विक्रांतच्या लॅपटॉपवर चालवलं. पडद्यावर आलं: वजन तिसऱ्या पात्यावर. मग तेच जुन्या लॉक फाइलने बांधलेल्या प्रोग्रामवर चालवलं: वजन दुसऱ्या पात्यावर. मी पंखा बंद केला. पाती थांबली. पांढरं पातं, त्याच्या पुढे गोळ्याचं पातं, आणि तिसरं कोरं. तिसऱ्या पात्यावर मी विक्रांतला बोट फिरवायला सांगितलं.

"फिरव. धूळ आहे फक्त."

त्याने फिरवलं नाही. मागून एक मुलगा हसला आणि खोकला आल्यासारखं करून गप्प झाला.

विक्रांतने मला काचेच्या खोलीत नेलं. दार लावलं. मला वाटलं, आता तो लाजेल. मी त्याला जरा जास्तच मोजलं होतं.

"दादा, ग्रेट वर्क. सिरियसली. आपण आजच जुनी लॉक फाइल परत आणू."

"आणि रिपोर्ट?"

"दादा, मामला बंद झालाय. मिलने बेअरिंग बदललं, आपल्याला दुसरं काम पण दिलं. आता मी लिहू की चूक माझी, एका कंपनीच्या मालकाची, की मी फाइल डिलीट केली? कोण काम देईल? बाहेर ही सगळी मुलं आहेत, त्यांची घरं आहेत."

"मुलांची घरं मृणालच्या नावावर चालवायची?"

"असं काय बोलता दादा. मॅम तर आता या सगळ्याच्या पलीकडे आहेत." मग त्याचा चेहरा उजळला. त्याला कल्पना सुचली होती. "आपण मीटिंग रूमला मॅमचं नाव देऊ. पितळेची पाटी. उद्घाटन तुमच्या हातून. कैसा रहेगा?"

मी उठलो. त्याला मारावंसं वाटलं असं मी म्हणणार नाही. मारायला समोर माणूस लागतो.

मी स्वतः कागद मिलला फोन केला. देखभाल विभागाच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आप सही होंगे. पण आमच्या फाइलला कंपनीचा सुधारित रिपोर्ट लागेल, त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या इंजिनियरच्या सहीने. पतीच्या फोनवरून नाव निघत नाही." त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

कंपनीत आता सही करणारी इंजिनियर श्रुती आहे. मी तिला विचारलं. ती म्हणाली, "जिजू, एप्रिलमध्ये पगारवाढ आहे. त्यानंतर बोलू या का?" एप्रिल गेला. मी परत विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर आता बरे वागतायत, उगाच पुन्हा..." आणि मग तिने दुसराच विषय काढला. ती सांगत होती की ऑफिसात सगळ्यांच्या मशीनवर आता ताईचंच चालतं. नवीन आलेला मुलगा एका दुपारी कामाला लागला. लॉक फाइलला हात लावायच्या आधी सगळे श्रुतीला विचारतात. पंख्याची चाचणीही परत चालू केली आहे. विक्रांत तर नव्या गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्याकडे उत्तर कधी बदलत नाही, आज विचारा की पाच वर्षांनी."

"छान," मी म्हटलं.

"पाटी पण लागली, जिजू. सर म्हणत होते तुम्ही आला नाहीत."

पंखा मी त्याच दिवशी परत आणला होता. उन्हाळ्यात तो लागला. बाबा त्याच्यासमोर बसून पेपर वाचतात आणि आवाजाची तक्रार करतात, पण गोळा खरवडू या का असं मी एकदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मंदारराव, केस चालू असताना साक्षीदाराला हात लावू नये."

कागद मिलच्या फाइलमधला रिपोर्ट आहे तसाच आहे. त्यात चूक मृणालची आहे असं लिहिलेलं आहे. सुधारित रिपोर्ट मी तयार करून श्रुतीला दिला आहे. त्यावर सही व्हायची राहिली आहे.